नरहरभाऊजींनी मांडलेली बैठक

माझे धाकटे दीर नरहरराव यांच्याविषयी रायपूरच्या मराठी समाजात असं बोललं जातं, की त्यांनी मांडलेली बैठक कधी फिसकटली नाही. ते खरं आहे. बैठका फिसकटल्या नाहीत. त्या लग्नांचं पुढे काय झालं हे विचारायला मात्र भाऊजी कोणाच्या घरी गेले नाहीत. ते आपलं काम नव्हे, असं ते म्हणतात.

रायपूरच्या बुढापारा भागात आमचं दुमजली घर आहे. खाली भाऊजी आणि त्यांची बायको शारदा, वर मी. माझे यजमान गेल्यापासून वरच्या मजल्यावर आवाज उरलेला नाही, त्यामुळे खालचं सगळं ऐकू येतं. गल्लीतून स्कूटर जाते तेवढा वेळच काय तो खंड पडतो.

भाऊजी सिंचन खात्यात बाबू होते. खात्यात त्यांनी कोणतं काम केलं हे मला आजवर समजलेलं नाही, पण रायपूर राजधानी झालं तेव्हा त्यांचं भाग्य उजळलं एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. तोवर आमच्या लोकांची अडचण अशी, की मुलींसाठी स्थळ नागपूर-अमरावतीकडचं हवं, आणि तिकडच्या मुलांना रायपूर म्हणजे जंगल वाटायचं. मग छत्तीसगढ वेगळं झालं. भोपाळहून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर कर्मचारी आले, आणि त्यांच्यात लग्नाची मुलं. कोणत्या खात्यात कोणता अविवाहित मराठी इंजिनिअर रुजू होतो आहे, हे त्या इंजिनिअरच्या आईआधी भाऊजींना कळायचं. लोक नव्या राज्याचे फटाके उडवत होते, तेव्हा भाऊजी नवा झब्बा शिवून घेत होते.

बैठकीचं त्यांचं एक शास्त्र आहे. मुलाच्या आईला अशा खुर्चीवर बसवायचं, की तिथून स्वयंपाकघर दिसणार नाही. मुलीचं तोंड खिडकीकडे, म्हणजे रंग उजळ दिसतो. घरातली लहान मुलं शेजारी पाठवायची, कारण लहान मुलं खरं बोलतात. औषधाच्या बाटल्या, पसारा आणि म्हातारी माणसं आतल्या खोलीत. मलाही एकदोनदा वरच थांबा म्हणून सुचवण्यात आलं होतं, कारण मी मुलाला त्याच्या नोकरीविषयी इंग्रजीत प्रश्न विचारते. आणि सर्वांत मोठा नियम: मुलीनं 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. स्वयंपाक येतो का? शिकते आहे. नोकरी सोडशील का? तसं काही नाही, पाहू. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, उत्तर थोडक्यात द्यावं आणि खरं द्यावं. भाऊजींनी त्यातला पहिला अर्धा घेतला होता.

त्यांची एकुलती मुलगी अनुश्री. फिजिओथेरपी शिकली आणि समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकमध्ये लागली. तिच्यासाठी भाऊजींनी आपल्या मते गाठोड्यातलं सर्वांत चांगलं स्थळ राखून ठेवलं होतं: यशोधन, पुण्यात मोठ्या कंपनीत, एकुलता एक. बैठकीत मुलगा फारसा बोलला नाही. भाऊजी सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले, "पोट्टा मितभाषी हाय. घरात भांडण म्हणून होणार नाही."

मितभाषी तो खराच निघाला. मनाविरुद्ध काही झालं की तो बायकोशी बोलणं बंद करायचा. एक-दोन दिवस नव्हे, महिनेच्या महिने. त्याची आई सत्यभामाबाई याला 'शांत स्वभाव' म्हणायच्या. श्रावणी झाली, बोलायला लागली, तशी त्याची फारच सोय झाली. "श्रावणी, मम्मीला सांग, डबा नको." "श्रावणी, मम्मीला विचार, माझी चावी कुठे ठेवली." चिमुरडी पोर या खोलीतून त्या खोलीत वाक्यं वाहून न्यायची. अनुश्री तिला घेऊन रायपूरला निघून आली, तेव्हा पहिले काही आठवडे ती सकाळी जिना चढून वर यायची आणि माझ्या पुढ्यात उभी राहून विचारायची, "मोठी आजी, कोणाला काय सांगायचं?"

तिला कोणाला काहीही सांगायचं नाही, हे समजवायला मला बरेच दिवस लागले.

अनुश्रीनं घटस्फोटाचा अर्ज केला. यशोधननं उत्तरात मुलगी मागितली. त्याला मुलगी कशाला हवी होती, हे मला विचाराल तर, घरात निरोप्या उरला नव्हता म्हणून. कोर्टानं दोघांना आधी मध्यस्थीला पाठवलं. ते कोरोनाचं दुसरं वर्ष होतं, त्यामुळे मध्यस्थी व्हिडिओ कॉलवर होणार होती. मध्यस्थ म्हणून एक वयस्कर वकीलबाई नेमल्या होत्या. सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की खोलीत फक्त पक्षकार असावा, इतर कोणी नको.

अनुश्रीला दोनच गोष्टी हव्या होत्या: सुटका आणि श्रावणी. त्यातली एकच मिळणार असेल तर श्रावणी. हे तिनं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. भाऊजींना काय हवं होतं, ते त्यांनी फक्त मला सांगितलं.

"वहिनी, माझं नाव हाय समाजात. घरचंच लग्न मोडलं तर उद्या कोणी मले दारात उभं करीन का?"

"मोडलंच आहे, भाऊजी. आता फक्त कागद व्हायचा आहे."

"तुमी बोलू नका. मी बैठक मांडून राहिलो ना."

आणि खरोखर त्यांनी बैठक मांडली. मी खाली गेले तर सोफा खिडकीसमोर ओढलेला, पडदे नवे, शोकेसवर शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं पितळी मोराचं जोडपं. बैठकीच्या खोलीच्या भिंतीवर श्रावणीनं मेणखडूनं एक लांबलचक आगगाडी काढली होती, ती एका शालीनं झाकलेली. तिची सायकल, ऑनलाइन शाळेचं बुटकं टेबल, दप्तर, बाहुल्या, वाळत घातलेले फ्रॉक, सगळं उचलून आतल्या खोलीत कोंबलं होतं. आणि खुद्द श्रावणीला पुरानी बस्तीत शारदेच्या बहिणीकडे पाठवलं होतं.

"पोरीले काहून पाठवलं?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"बैठकीत लहान पोरं नको. पसारा होते."

"भाऊजी, ही लग्नाची बैठक नाही. मुलगी कुठे राहते, कशी राहते, यावरच तर बोलणं आहे."

"बैठक म्हणजे बैठक, वहिनी. दोन पार्ट्या, मधात एक माणूस. इतकी वर्षं हेच करून राहिलो मी. मले नका शिकवू."

शारदा स्वयंपाकघरातून मोठी बशी घेऊन आली. पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घातलेली होती.

"हे कोण खाणार?" मी म्हटलं. "समोरचे पुण्यात बसले आहेत."

शारदेनं बशीकडे पाहिलं. "हे बैठक-बैठक म्हणत होते, वहिनी. हातानं होऊन गेले."

अनुश्री मात्र शांत बसून सगळं करू देत होती, आणि तेच मला खटकत होतं. एरवी ती बापाच्या तोंडावर बोलणारी. पण तिच्या वकिलानं फोनवर सांगितलं होतं, शांत रहना मैडम. भाऊजींनी त्या दोन शब्दांवर आपला सगळा डोलारा उभा केला होता.

"तुझा वकीलही तेच बोलून राहिला ना? तडतड केलीस का ती बाई लिहीन, हे पोट्टी भांडखोर हाय, लेकरू बापाकडं द्या. मंग बसशील रडत. हसून बोलाचं. विचारलं तेवढंच. 'नाही' म्हणाचं नाही."

"आणि खोटं बोलायला लागलं तर?" अनुश्रीनं विचारलं.

"खोटं कोण सांगून राहिलं? 'तसं काही नाही' म्हणाचं. त्याच्यात खोटं काय हाय?"

"मोठी आई, तुला काय वाटतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मला वाटतं तू मोरांचं जोडपं तरी परत कर."

ती हसली, पण शालीखालची आगगाडी उघडी करायला उठली नाही. लेकीला गमावण्याची भीती माणसाला काय काय ऐकायला लावते, ते मी त्या दिवशी पाहिलं. साडी नेसायला तेवढा तिनं साफ नकार दिला आणि साधा सुती कुर्ता घालून लॅपटॉपसमोर बसली. भाऊजी लॅपटॉपच्या मागे खुर्ची टाकून बसले. तळवा खाली म्हणजे हळू बोल, ओठावर बोट म्हणजे पुरे. सूचनेत कोणी नको लिहिलं आहे, याची मी त्यांना आठवण करून दिली. "मी कुठं दिसून राहिलो?" म्हणाले. मी खोलीत नव्हते. मी दाराबाहेर बोळात स्टुलावर होते, आणि बोळाविषयी सूचनेत काही लिहिलेलं नव्हतं. बाजूच्या आरशात मला पडदा आणि भाऊजी दोन्ही दिसत होते.

यशोधन पडद्यावर आला तो भल्यामोठ्या पुस्तकांच्या कपाटासमोर. त्याच्या हातात मी वर्तमानपत्राखेरीज छापील काही पाहिलेलं नाही. त्यानं मान वळवली की एक कान पुस्तकांत बुडायचा. तेव्हा कळलं की कपाट चित्रातलं होतं. म्हणजे तिकडेही एक नरहरराव होतेच.

वकीलबाई स्वभावानं प्रेमळ दिसल्या. आधी त्यांनी दोघांची विचारपूस केली, मग मुद्द्यावर आल्या.

"अनुश्री जी, अर्ज़ी में लिखा है कि बातचीत बंद रहती थी. ऐसा ही था?"

भाऊजींचा तळवा खाली.

"जी… ऐसा कुछ नहीं," अनुश्री म्हणाली. हसून म्हणाली.

"ग़ुस्सा करते थे?"

"शांत स्वभाव है उनका."

"और सासू माँ से?"

"ठीक था, मैडम."

यशोधननंही तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखी उत्तरं दिली. अनुश्री हुशार आहे, अनुश्री समजूतदार आहे. चांगलं बोलणाऱ्या दोन माणसांकडे पाहून वकीलबाई खुश होत गेल्या आणि शेवटी खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "देखिए, सच कहूँ? इतना शांत जोड़ा मेरे सामने कम ही आता है. एक बार फिर साथ रहकर देखने में क्या हर्ज है?"

"मैं तो तैयार हूँ," यशोधन म्हणाला.

मी आरशात भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. बैठक जमली की तो असाच उजळतो. मी तो शेकडो वेळा पाहिलेला आहे. दोन्ही हात जोडून ते उठायच्या बेतात होते. कशाची बैठक आहे, हे त्या क्षणी ते साफ विसरले होते. मोडायला बसलेलं लग्न त्यांनी त्याच नवऱ्याशी पुन्हा जमवून आणलं होतं.

"और बच्ची?" वकीलबाईंनी चष्मा सारखा केला. "बच्ची आप ही के पास रहती है ना? घर में बच्चे का कुछ दिख नहीं रहा."

अनुश्री गोंधळली. "वो… मौसी के यहाँ गई है आज."

त्याबरोबर पुण्याकडून पुस्तकांच्या आडून एक आवाज आला, "तेच तर! दिवसभर ही क्लिनिकला, आणि पोर लोकांच्या दारी!"

"ये कौन बोल रहा है?" वकीलबाईंनी विचारलं.

"टीवी है, मैडम," यशोधन म्हणाला.

सत्यभामाबाईंना त्यांच्या मुलानं टीव्ही केलेलं ऐकून मला बरं वाटलं, पण ते फार टिकलं नाही. वकीलबाई पुढे म्हणत होत्या, मग असं करू या का, या वर्षी मुलीची शाळा पुण्यातच करू, आईनंही तिथे जावं, सहा महिन्यांनी पुन्हा बोलू. अनुश्रीनं लॅपटॉपच्या वरून बापाकडे पाहिलं. भाऊजींनी हात हवेत हलवला. तो हात मला ओळखीचा होता: 'पाहू' म्हण.

अनुश्री उठली. तिनं लॅपटॉप उचलला, तशी चार्जरची वायर निसटून खाली पडली.

"बस, बस खाली!" भाऊजी कुजबुजले. "उजेड जाते!"

ती त्यांच्या अंगावरून बाहेर आली. मला स्टूल मागे ओढावं लागलं. आतल्या खोलीचं दार तिनं पायानं ढकललं, आणि मग तिचा आवाज बोळभर ऐकू आला.

"मैडम, ये देखिए. ये साइकिल, ये टेबल, ये कपड़े. सब आज सुबह यहाँ भरा गया है, ताकि कमरा अच्छा दिखे. मेरी बेटी यहीं रहती है. और अभी मैंने आपसे झूठ बोला. बातचीत बंद रहती थी. महीनों. बीच में बच्ची थी. पापा की बात मम्मी को, मम्मी की बात पापा को. मैं नहीं जाऊँगी वापस. और उसे तो बिल्कुल नहीं भेजूँगी. नहीं."

मग तिनं दार लावून घेतलं. पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि मी कान लावला नाही.

बैठकीच्या खोलीत भाऊजी रिकाम्या सोफ्यासमोर बसले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "पोट्टीनं 'नाही' म्हटलं."

"ऐकलं मी."

"उठली बैठक."

"उठली नाही. आतल्या खोलीत गेली."

शारदा भिंतीवरची शाल काढून घडी करत होती. ती फारशी बोलत नाही. बैठकींत तिचं काम पदार्थ आणून ठेवण्याचं. घडी करता करता ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "तिले तवाच 'नाही' म्हणाचं होतं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मले म्हणे, आई, हा माणूस माझ्याशी बोलतच नाही. मी तुमाले सांगाले आली होती. तुमी खुर्च्या मांडून राहिले होते."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पाणी मागितलं. शारदेनं दिलं नाही, असं नाही. दिलं, पण शालीची घडी पूर्ण झाल्यावर.

त्यानंतर भाऊजींनी जे केलं, ते सांगायला मला लाज वाटते, पण ते तसंच घडलं. ते लेकीवर रुसले. समोरासमोर बसून जेवायचे आणि बोलायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी खाली असताना ते श्रावणीला म्हणाले, "श्रावणी, तुझ्या आईले सांग, वकिलाचा फोन आला होता."

अनुश्री त्यांच्यापासून हातभर अंतरावर भाजी निवडत बसली होती. श्रावणीनं खेळ ठेवला, उठली, आईपुढे येऊन उभी राहिली आणि सांगायला तोंड उघडलं. जुनी सवय. अनुश्रीनं तिच्या तोंडावर हलकेच हात ठेवला.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

"म्या काय केलं?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. एवढ्या लग्नांच्या वाटाघाटी केलेल्या माणसाला, आपण आता काय केलं, ते कळलं नाही. अनुश्री मात्र भाजी तशीच टाकून उठली आणि तिनं वकिलाला फोन लावला. समझोत्यात एक अट घालायची आहे, म्हणाली.

मध्यस्थीची दुसरी बैठक आतल्या खोलीत झाली. श्रावणी घरातच होती, स्वयंपाकघरात शारदेजवळ. भाऊजींना अनुश्रीनं पायरीवर बसायला सांगितलं, आणि ते इस्त्रीचा झब्बा घालून पायरीवर बसले. झब्बा कशासाठी, ते मी विचारलं नाही. पलीकडे वकीलबाईंनी या वेळी यशोधनला कपाट बंद करायला आणि टीव्ही खोलीबाहेर पाठवायला सांगितलं, असं नंतर अनुश्रीनं सांगितलं. कपाटामागे कपडे वाळत घातलेली दोरी निघाली.

त्यानं घटस्फोट कबूल केला. मुलगी रायपूरला राहील, हेही शेवटी कबूल केलं. वकीलबाईंनी त्याला श्रावणीच्या वर्गाचं, तिच्या शाळेतल्या बाईंचं, तिच्या मैत्रिणीचं नाव विचारलं होतं म्हणे, आणि तो खरोखरच मितभाषी ठरला. सुट्टीत भेट आणि रविवारी फोन, यावर हुज्जत झाली नाही. हुज्जत झाली ती अनुश्रीच्या अटीवर: मुलीमार्फत तिच्या आईला कोणताही निरोप द्यायचा नाही. जे सांगायचं ते मोठ्यांनी मोठ्यांना सांगायचं. त्याला त्यात आपला अपमान दिसला. मुलगी सोडायला जो तयार झाला, तो निरोप सोडायला तयार होईना. पण अनुश्री हटली नाही, आणि शेवटी ती अट मसुद्यात आली.

संध्याकाळी मसुदा मोबाइलवर आला. भाऊजींनी चष्मा लावून तो सगळा वाचला, त्या कलमाशी थांबले आणि म्हणाले, "हे असं लिवतात का कुठं कागदात? हे कोणासाठी हाय?"

"कागदात यशोधनसाठी," अनुश्री म्हणाली. "घरात तुमच्यासाठी."

भाऊजींनी ते कलम पुन्हा एकदा वाचलं. मग होकारादाखल "हव," एवढं म्हणाले आणि मोबाइल तिच्या हातात परत दिला. थेट तिच्या हातात, हे मी मुद्दाम पाहिलं.

त्यांचा रुसवा तिथे संपला, पण माणूस बदलला असं कोणी समजू नये. मी वर गेले, खिडकी उघडली, तर खाली पायरीवर ते कोणाशी तरी फोनवर बोलत होते. बिलासपूरचे कोणीतरी मुलीचे वडील असावेत.

"अहो, आमच्या घरचंही आपसातच मिटलं," भाऊजी सांगत होते. "दोन्ही पार्ट्या समजदार. एका बैठकीत नाही, पण दुसऱ्या बैठकीत जमलं. तुमची पोट्टी काय करते?"

मी खिडकी लावून घेतली.